जिजीचे नवस

आमची जिजी, म्हणजे माझी आजी, आयुष्यात इतके नवस बोलली, की त्यातले निम्मे त्या त्या देवाच्या कानावरही गेले नसतील. धाकट्याची दहावी, नणंदेचं बाळंतपण, दादांचा मोडलेला हात, दुकानाची उधारी थकवून बसलेलं एखादं गिऱ्हाईक. कारण कुठलंही चालायचं. देव मात्र निवडून घेतलेला असायचा. तो उंचावर बसलेला हवा, एसटी पायथ्याच्या गावापर्यंतच जाणारी हवी आणि पुढची वाट पायांनी चढायची हवी.

एकदा तर माझ्या धाकट्या काकाचा निकाल लागून पेढे वाटून झाल्यावर, त्याने पास व्हावं म्हणून ती साल्हेरच्या परशुरामाला नवस बोलली. आबा, म्हणजे तिचे सासरे, म्हणाले, "अगं, पास झालाय तो." जिजी म्हणाली, "म्हणजे आता फेडायलाच हवा." हा संवाद आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे.

२०२४ च्या फाल्गुनात जिजी गेली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. दुखणं फार लांबलं नाही. त्यानंतर भेटायला येणारं प्रत्येक माणूस "बाई मोठी धाडसाची हो" म्हणत होतं आणि आपापला एक किस्सा ठेवून जात होतं. त्यात खोटं काही नाही. पण धाडसी म्हटलं की मागचापुढचा विचार न करता उडी घेणारं माणूस डोळ्यांसमोर येतं, आणि जिजी तशी अजिबात नव्हती. मागचा, पुढचा आणि परतीच्या गाडीचा इतका विचार करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

तिच्या पिढीतल्या बाईला "जरा फिरून येते" म्हणायची सोय नव्हती. गड चढायचाय म्हटलं असतं तर घरात हसले असते, नाहीतर वैद्याला बोलावलं असतं. पण "देवीला जाऊन येते" म्हटलं की सासरे कनवटीचे दोन रुपये काढून दक्षिणेला द्यायचे. जिजीने हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी हेरलं. बाकी बायका नवस फेडायला जायच्या. जिजी जायचं ठरवायची आणि मग नवस शोधायची.

नाशिक जिल्हा या कामाला फारच सोयीचा. इथे डोंगराला नुसता डोंगर म्हणून सोडलेलाच नाही, माथा दिसला की तिथे देव आहे. अंजनेरीवर अंजनीमाता. रामशेजवर राम. वणीला सप्तशृंगी आणि समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी. हरिहरवर मारुती आणि महादेव. साल्हेर म्हणजे राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, त्याच्या टोकावर परशुरामाचं एवढंसं देऊळ. आणि या सगळ्यांच्या वर, हद्द नगर जिल्ह्याची पण आम्हा नाशिककरांना घोटीवरून जवळची, १६४६ मीटरची कळसूबाई. गिर्यारोहण करणारी मुलं हे सगळे डोंगर उंचीप्रमाणे मांडतात. जिजीकडे ते वाराप्रमाणे मांडलेले होते. मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा, सोमवार महादेवाचा. तिला कुणी ट्रेकर म्हटलं असतं तर तिने ते मनाला लावून घेतलं असतं.

युक्ती मूळची माहेरची. जिजीचं माहेर चांदोरी, गोदावरीच्या काठचं. तिथे नदीच्या पात्रातच जुनी देवळं आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात, नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाणी उतरलं की वर येतात. वाळका भोपळा पाठीला बांधून ती पोहायला शिकली आणि देवळांचे नुसते कळस दिसू लागले की पोहत तिथवर जायला लागली. घरी विचारलं की सांगायची, देवाला हात लावून आले. आता यावर आईने काय बोलावं?

सासर नाशकातल्या तांबट लेनमधलं. दुकान भांडी बाजारात, घर चौकाचं, वर माडी, आणि सकाळपासून कानांत तांब्या-पितळेवर पडणारे ठोके. जिजी म्हणायची, "या आवाजात बाईने हळू काही मागितलं तर कुणाला ऐकू जायचं नाही. देवाचं नाव घेतलं की मात्र सगळे हात थांबवायचे."

माझे आजोबा, दादा, स्वभावाने अगदी उलट. मनमाडच्या पलीकडे गेले की त्यांना परक्या मुलखात आल्यासारखं वाटायचं. पण जिजीच्या सगळ्या प्रवासात जी एक वस्तू बरोबर असायची ती त्यांच्या हातची. फिरकीचा तांब्या. बुटका, गोल पोटाचा, पितळी, आतून कल्हई केलेला. झाकणाला आटे, ते फिरवून घट्ट बसवलं की तांब्या उपडा धरला तरी थेंब गळायचा नाही. असले तांब्ये तेव्हा घरोघर असत, त्यात नवल नाही. दादांनी या तांब्याच्या गळ्याला बाहेरून एक कडी जोडली होती. दोर ओवून तो खांद्याला अडकवता यावा, दोन्ही हात मोकळे राहावेत, म्हणून. हा माणूस बायकोला तोंडाने "जा" असं कधी म्हणाल्याचं कुणालाच आठवत नाही. त्याने कडी जोडून दिली.

दुसरी वस्तू म्हणजे वही. दुकानातलीच लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. जिजीने तिच्यात तीन रकाने आखले होते: गाडी, भाडं, नवस. मी सध्या ती वही वाचतेय. भाड्याचा रकाना अगदी नीट, पैशापर्यंत. गाडीच्या रकान्यात जाण्याच्या वेळेआधी परतीची वेळ. नवसाच्या रकान्यात मात्र बऱ्याच ठिकाणी नुसती रेघ आहे. कारण तिथे कारण लिहायचं राहून गेलंय, किंवा तोवर सापडलं नव्हतं.

मुक्कामी गाडी हा जिजीचा हुकमी एक्का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: संध्याकाळी आडगावात पोचून तिथेच रात्र काढणारी आणि पहाटे तालुक्याला परत निघणारी एसटी म्हणजे मुक्कामी. ड्रायव्हर-कंडक्टरही गावातच झोपतात. जिजी म्हणायची, "ज्या गावात एसटीचं माणूस झोपतं त्या गावात बाईमाणसाला भीती नाही." संध्याकाळी उतरायचं, देवळाच्या ओवरीत किंवा कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायची, दुसऱ्या दिवशी उजाडताच चढायला लागायचं आणि उतरून मिळेल ती गाडी धरायची. शिदोरीला दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. सोबतीला गल्लीतलं भजनी मंडळ. या मंडळातल्या निम्म्या जणींना चाल धरता यायची नाही, पण चालता सगळ्यांना यायचं.

मी कॉलेजात असताना एकदा तिच्याबरोबर हरिहरला गेले. जिजी तेव्हा पासष्टीच्या घरात. नऊवारीचा काष्टा, पायात मेन रोडवरून घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला तांब्या. हरिहरच्या पायऱ्यांचे फोटो आता सगळ्यांनी पाहिलेत. कातळात कोरलेला जवळजवळ उभा जिना, दोन्ही बाजूंना बोटं अडकवायला खोबण्या. १८१८ मध्ये गड घेणारा कॅप्टन ब्रिग्जही या पायऱ्या पाहून चकित झाला होता. मी बघितलं आणि माझे हात गार पडले. जिजी पायऱ्यांच्या खाली एका दगडावर बसली. बसली ती बसलीच. मला वाटलं दमली. ती वरून उतरणाऱ्या माणसांचे पाय बघत होती.

"आधी उतरणारे बघायचे," ती म्हणाली. "चढता कुणालाही येतं."

बराच वेळाने तिला हवं ते दिसलं असावं. उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, "येताना तोंड दगडाकडे ठेवायचं. दरीला आपल्याकडे बघू दे, आपण तिच्याकडे बघायचं नाही." चढताना तिचा तांब्या एकदा कातळावर जोरात आपटला आणि त्याला पोचा पडला. घरी आल्यावर दादा म्हणाले, ठोकून सरळ करून देतो. जिजी म्हणाली, "राहू द्या, पाणी तेवढंच मावतं."

वर मारुतीपाशी बसून दशमी खाताना मी तिला विचारलं होतं, तुझा खरंच देवावर विश्वास आहे का? तिने शेंदरी मारुतीकडे पाहिलं, मग खालच्या दरीकडे.

"वर पोचल्यावर असतो."

"आणि खाली?"

"खाली कामं असतात."

नास्तिक लोकांना हे उत्तर फार आवडतं, मी सांगून बघितलंय. आस्तिकांनाही आवडतं. जिजीला या दोन्ही पंथांशी कर्तव्य नव्हतं.

या सगळ्या किस्स्यांचा राजा म्हणजे १९६९ चा पूर. आमच्याकडे पावसाळ्यात पुराची बातमी नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती देतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा भाषेत गोदावरीचा, म्हणजे आमच्या गंगेचा, पूर मोजायचा. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारात माल माडीवर न्यायची धावपळ सुरू होते. त्या सप्टेंबरात मारुतीच दिसेनासा झाला आणि पाणी दुकानात शिरलं. माल हलवायला वेळ मिळाला नाही. हंडे, घागरी, पातेली बाजारातून तरंगत निघाली. जिजी तेव्हा तिशीतली. कमरेला दोर बांधून ती गल्लीच्या पाण्यात उतरली आणि एकेक घागर धरून परत आणू लागली. दमली की उपडी घागर पोटाशी धरून तरंगायची, पुन्हा पुढे. किती घागरी आणल्या हा आकडा दर दिवाळीला वाढतो. माझ्या लहानपणी बारा होत्या. परवा आतेभाऊ चाळीस म्हणाला. पण उतरली हे खरं, आणि आणल्या हेही खरं. त्यातली एक, काठाला चेपलेली, अजून घरात आहे.

रहाडीचा किस्सा त्यामानाने ताजा आहे. जुन्या नाशकात पेशवेकाळापासून दगडी हौद आहेत, त्यांना रहाडी म्हणतात. वर्षभर त्या फळ्या आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात, आणि नवख्याला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर उभे आहोत. रंगपंचमीला उघडायच्या, पूजा करायची, फुलांपासून उकळून केलेला रंग ओतायचा आणि मग वरून धप्पा मारायचा. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. आठ-दहा फूट खोल पाणी, उडी मारणारा बाजूच्या सगळ्यांना भिजवून टाकतो. हा कारभार वर्षानुवर्षं पुरुषांचा होता. बायकांनी माडीवरून बघायचं. पुढे काही ठिकाणी बायकांसाठी वेळ राखायला लागले, तेव्हा जिजी पंच्याहत्तरीला आली होती. तिथे कॉलेजच्या मुली काठावर उभं राहून "तू आधी, तू आधी" करत होत्या. जिजीने चष्मा काढून माझ्या हातात दिला, कवळी काढून रुमालात बांधून तीही माझ्याच हातात दिली, नाक धरलं आणि गेली. वर आली तेव्हा पांढरे केस पिवळेजर्द. मुलींनी जो गलका केला तो पार शेजारच्या चौकात ऐकू गेला. घरी परतताना म्हणाली, "रहाडीत बुडी मारली की उन्हाळा बाधत नाही. आबांना सांग, औषध म्हणून गेले होते." आबांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

इथवरच्या गोष्टी आमच्याकडे कुणीही सांगेल. आता जे लिहिणार आहे ते सहसा कुणी सांगत नाही.

जिजी दोन दिवस वणीला, तीन दिवस साल्हेरला जायची, तेव्हा घर कोण चालवायचं? घरात माणसं चौदा-पंधरा. सासूबाईंचं पथ्य, पोरांच्या शाळा, कारागिरांचा चहा. हे सगळं मोठीआईवर पडायचं. मोठीआई म्हणजे जिजीच्या थोरल्या जाऊबाई, तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. ती कधी कुठे गेली नाही. माहेर सिन्नरचं, तिथे जाणं-येणं हाच तिचा प्रवास. जिजी परत आली की देवाचा अंगारा पहिल्यांदा मोठीआईच्या कपाळाला लावायची. मोठीआई डोळे मिटून लावून घ्यायची आणि म्हणायची, "भात टाकलाय, बघ."

त्या दोघींचं एकदाच वाजलं, ते १९९१ च्या सिंहस्थात. कुंभाच्या वर्षी जुन्या नाशकातल्या घरांचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. चुलत, मावस, नात्यातले, नात्यात नसलेले, सगळे रामकुंडात बुडी मारायला येतात आणि आपल्याकडेच उतरतात. माडीपासून ओट्यापर्यंत माणसं झोपलेली. अशात श्रावणातला तिसरा सोमवार आला. रविवारी रात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीला अनवाणी फेरी घालायची, हा त्र्यंबकचा रिवाज. जिजीने कसलासा नवस काढला आणि रविवारी दुपारी भजनी मंडळासह निघून गेली. सोमवारी दुपारी पाय सुजवून परत आली तेव्हा मोठीआई चुलीपुढे होती आणि तिची तिसरी पंगत चालू होती. अंगारा लावायला जिजी वाकली. मोठीआईने तिचा हात धरला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "नवस तू बोलतेस, फेडते मी."

दोघी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. एकाच चुलीपुढे बसून, मध्ये पोरांना उभं करून "तुझ्या जिजीला सांग मीठ दे" अशा थाटात निभावलं. अबोला कसा सुटला हे कुणाला माहीत नाही. वहीत मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांत एकही गाडी नाही.

जिजीच्या दिवसकार्याच्या वेळी पुराचा किस्सा पुन्हा निघाला. घागरी पंचेचाळीसवर गेल्या. कुणीतरी पोराने विचारलं, पण कमरेच्या दोराचं दुसरं टोक कुठे बांधलं होतं? कुणी म्हणालं वाड्याच्या खांबाला, कुणी म्हणालं दुकानाच्या दाराला. मोठीआई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. वाती वळता वळताच म्हणाली, "बांधला नव्हता. मी धरला होता." आणि पुढची वात घेतली. पंचावन्न वर्षं ही गोष्ट तिच्यासमोर सांगितली जात होती, आणि तिनेही कधी मध्ये तोंड घातलं नव्हतं.

मला जिजी फार आवडायची, हे या लिखाणावरून दिसतंच. पण तिच्या धाडसाचा हिशेब लिहायचा तर त्या लाल वहीला चौथा रकाना हवा होता, असं मला वाटतं. हे जिजीला कळत नव्हतं असं मात्र नाही. उशिरा का होईना, तिने तो आखला.

२०२२ च्या ऑगस्टात सरकारने पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांना एसटीचा प्रवास मोफत केला. जिजी चौऱ्याऐंशीची, मोठीआई सत्त्याऐंशीची. बातमी वाचून झाल्यावर जिजीने वहीत भाड्याच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि मोठीआईला म्हणाली, "चला, वणीला." मोठीआई म्हणाली, "माझे गुडघे?" जिजी म्हणाली, "आता ट्रॉली झालीय."

दिवाळीनंतर गेलो. मी सोबत होते, सामान उचलायला. आधार कार्ड बघून कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं, ते मोठीआईने घडी घालून पोलक्यात ठेवलं. गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. जन्मभर तिथल्या पायऱ्या मोजत चढलेली जिजी त्या ट्रॉलीच्या बाकावर अंग चोरून बसली होती, चोरी करून आल्यासारखी. मोठीआई खिडकीशी, डोळे मोठे करून. अठरा हातांच्या देवीपुढे मोठीआई उभी राहिली ती मागच्यांनी ढकलेपर्यंत.

दर्शन झाल्यावर दोघी बाहेर येऊन बसल्या. देवळाच्या मागे सप्तशृंगाचा सुळका सरळ वर गेलाय आणि त्याच्या टोकावर झेंडा दिसतो. मोठीआईने विचारलं, "तो कोण लावतं तिथं?"

जिजीने सांगितलं. दरेगावच्या गवळी पाटलांचा तो मान. चैत्रात आणि नवरात्रात, रात्रीच्या वेळी त्यांच्या घरातला माणूस वर जातो. ती वाट दुसऱ्या कुणाची नाही.

"म्हणजे तू नाही गेलीस तिथं?"

"नाही."

"बरं वाटलं," मोठीआई म्हणाली.

जिजी इतकी हसली की तिला ठसका लागला. मोठीआईने तिला पोचा पडलेल्या तांब्यातलं पाणी पाजलं. त्यानंतर दीड वर्षात दोघी मिळून बऱ्याच गावांना जाऊन आल्या. वहीत नोंदी आहेत, अक्षर जिजीचं, पण नवसाच्या रकान्यात आता दोन नावं. फार उंच काही नाही. सपाटीवरचे देव. जिजीच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

आता मोठीआई नव्वदी ओलांडून पुढे गेलीय. ऐकू कमी येतं, पण तल्लख आहे. गेल्या महिन्यात मी वाड्यावर गेले होते तेव्हा तिने मला जवळ बोलावून सांगितलं, "मी नवस बोललेय. जाऊन यायला हवं." माझ्या पोटात गोळाच आला. या वयात, या गुडघ्यांनी? तरी विचारलं, "कुठल्या देवाला?"

"ते गाडी कुठली मिळते त्यावर ठरवू," मोठीआई म्हणाली. "तू आधी परतीची वेळ बघ."